मामांनी हैदराबादहून कान आणले

आमच्या मामेसासऱ्यांइतकं लोकांचं ऐकून घेणारा माणूस उभ्या बीड जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि ते दोन्ही कानांनी ठार बहिरे होते. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. वडवणीच्या अलीकडे त्यांचं गाव. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी थोरल्या भावाने मला बजावलं होतं, "नवरीचे एक मामा हायत, त्यांना ऐकू येत न्हाई. पाया पडशीला तवा मोठ्यानं बोल. लई मानाचा माणूस हाय." मी ते मनात घट्ट धरून ठेवलं. मांडवात गेलो तर बैठकीवर दोन वृद्ध शेजारी शेजारी बसलेले. फेटे सारखे, मिशा सारख्या, गुडघ्यावर हात ठेवायची ढबही सारखी. मी अंदाजाने एकाचे पाय धरले, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि छातीत होता तेवढा आवाज काढून ओरडलो, "मामा, आशीर्वाद द्या!" मांडवाबाहेर बांधलेला बैल दावं तोडायला निघाला. वाजंत्री थांबले. ते गृहस्थ माझ्या बायकोचे चुलते निघाले, आणि त्यांचे कान तोपर्यंत ठणठणीत होते. पुढे सगळं लग्न त्यांनी उजव्या कानावर तळहात धरून काढलं. त्यांच्या शेजारी बसलेले खरे मामा मात्र माझ्याकडे कौतुकाने बघत होते. त्यांनी बायकोच्या वडिलांना हळूच सांगितलं, "पोरगं गरीब दिसतंय. बोलत बी हळूच हाय."

मामा स्वतः फार हळू बोलत. बहिरी माणसं ओरडून बोलतात असा लोकांचा समज असतो, मामांचं उलट. त्यांचं म्हणणं, आपण हळू बोललं की समोरच्याला कान द्यावा लागतो, आणि एकदा कान दिला की तो मन बी देतो. त्यामुळे ते पुटपुटत आणि समोरचा बोंबलत असे. लांबून बघणाऱ्याला वाटे, एखादा माणूस एकटाच कुणाशी तरी कडाकडा भांडतोय आणि पुढ्यातला वृद्ध बिचारा निमूट ऐकून घेतोय. एकदा गावात नवे गिरदावर, म्हणजे महसुलाची पाहणी करणारे अंमलदार, आले. मामांचा सालगडी बांधावर उभा राहून मामांना "मालक, भाकरी आलीया, हात धुवा!" असं ओरडत होता. गिरदावरसाहेबांना वाटलं, गडी मालकावर चढून आलाय. त्यांनी घोड्यावरूनच त्या गड्याला चार शब्द सुनावले. मामांना त्यातलं काही कळलं नाही, पण सरकारी माणूस आपल्या बांधाला थांबला एवढं पुरेसं होतं. त्यांनी गिरदावरांना त्याच भाकरीला बसवलं. गडी दिवसभर फुगून होता.

आपल्याला ऐकू येत नाही हे मामांनी कधी कबूल केलं नाही. त्यांच्या मते त्यांचे कान होते तसेच होते, लोकांचे आवाज उतरले होते. "जवारीतच कस ऱ्हायला न्हाई," ते मला सांगत. "आमच्या बापाच्या वख्ताला माणूस खोकला तर नदीपल्याड कळायचं. आता तुमी पोरं दोन दोन भाकरी खाताव, अन् आवाज निघतोय का? न्हाई." पण खरी मजा कीर्तनात. मामा पहिल्या रांगेत, डोळे अर्धे मिटून. मृदंग्याच्या बोटांवर नजर ठेवून ते अशी मान डोलवत की बरोबर समेला खाली यायची. बाहेरगावचे कीर्तनकार सगळा गाव सोडून त्या एका मानेकडे बघून गात. एका बुवांनी तर जाहीरच केलं, "जाणकार श्रोता कसा असतो, ते इथं येऊन बघावं." बुवा काय म्हणाले ते मामांना अर्थातच ऐकू आलं नाही, त्यांनी तिथेही समेवर मान डोलवली.

पण मामांचा खरा प्राण होता तो चावडीपुढच्या कट्ट्यावर. गावात तंटा उठला की कट्ट्याच्या मधोमध मामा बसत. ही जागा त्यांच्या वडिलांची, तिच्यावर गावाने त्यांना बसवलं तेव्हा त्यांचे कान शाबूत होते. पुढे कान गेले, पण जागा राहिली, आणि जागेबरोबर एक रीतच पडून गेली. फिर्यादीने समोर चांगलं लांब उभं राहायचं आणि तिथून ओरडून आपलं म्हणणं मांडायचं. जवळ येऊन सांगायची परवानगी नाही. "जवळून वरडलं तर माझं कान दुकतात," असं मामा म्हणत. तो ओरडायला लागला की आडावरच्या बाया घागरी खाली ठेवून उभ्या राहत, सुतार वाकस थांबवी, भिंतीला टेकलेले म्हातारे सरसावून बसत. अख्खा गाव ऐके. आणि मामा? मामा ओरडणाऱ्याकडे बघतच नसत. ते ऐकणाऱ्यांकडे बघत.

मी एकदा त्यांना याचं कारण विचारलं. म्हणजे अर्थातच ओरडून विचारलं. ते म्हणाले, "वरडनाऱ्याचं तोंड बघून काय उपेग, जावईबापू? वरडताना समद्याचंच तोंड वाकडं दिसतंय. ऐकनाऱ्याचं बघावं. ह्यो खोटं बोलला की ती शेजारीन पदर तोंडाला लावती. त्यो म्हातारा उगंच तंबाखूची पिशवी हुडकाया लागतो. गावाला समदं ठावं असतंय बे. कुनी इचारत न्हाई, म्हून सांगत न्हाई." आणि एवढ्या भांडवलावर ते फैसला देत. त्यांचा फैसला पटला नाही म्हणून कुणी बीडपर्यंत आल्याचं मला माहीत नाही. आणि मी बीडच्या कचेरीत अहलकार, म्हणजे अर्ज उतरवून घेणारा कारकून, तेव्हा आलं असतं तर माझ्याच टेबलावर आलं असतं. मामांना ती जागा शेतापेक्षा, बैलजोडीपेक्षा प्यारी होती. मामींपेक्षाही, असं मामी म्हणत. पण त्या ते हळू म्हणत, त्यामुळे वाद होत नसे.

त्या जागेवर डोळा होता मामांच्या एका चुलतभावाचा. त्याला अख्खा गाव आण्णा म्हणे. आण्णांचे कान म्हणजे गावातली एक धास्तीच होती. तीन घरांपलीकडे दुधावरची साय कुणी काढली ते आण्णांना कळायचं. अशा कानाच्या माणसाला बहिऱ्याचा हेवा वाटावा हे विशेष, पण वाटे. रंगपंचमीच्या दिवशी, सगळे रंगलेले असताना, आण्णांनी कट्ट्यासमोर उभं राहून रीतीप्रमाणे ओरडून सांगितलं, "दादा, तुमचा मान हाय, पर तुमाला ऐकू येत न्हाई! ज्याला ऐकू येत न्हाई त्यानं इन्साफ कसा करावा? आखितीपातुर कान दुरुस्त करून आना, न्हाईतर जागा सोडा!" आखिती, म्हणजे अक्षय तृतीया, दीड महिन्यावर होती. मामा लोकांच्या तोंडांकडे बघत होते. त्या दिवशी कुणी पदर तोंडाला लावला नाही, कुणी तंबाखू शोधली नाही. सगळे खाली बघत होते. मामांना जे कळायचं ते कळलं. ते घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे बीडला निरोप आला: रजा टाका.

माझी निवड का, तर निजामाच्या राज्यात कचेरी उर्दूत चाले म्हणून मला उर्दू लिहिता-वाचता येई आणि हकीम-डॉक्टरांशी बोलायला उर्दू लागे. पहिल्यांदा बीडमध्येच एका वृद्ध हकीमसाहेबांकडे गेलो. त्यांनी कानात डोकावून पाहिलं, फुंकर मारली, आणि मग मामांच्या डोक्यामागे उभं राहून खिशातलं घड्याळ कधी उजव्या कानाशी, कधी डाव्या कानाशी धरायला सुरुवात केली. मी मामांच्या समोर बसलो होतो. मामा दर खेपेला बिनचूक सांगत, "उजव्या अंगाला वाजतंय. आता डाव्या. आता लांब नेलंय." हकीमसाहेब खूश. "माशाल्ला! बीस बरस के जवान के कान हैं!" मलाही चमत्कार वाटला. बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "तुमी लई कामाचे, जावईबापू. घड्याळ जिकडं जाईल तिकडं तुमचं डोळं बी जात हुतं." ते असे समाधानात होते, की जणू मॅट्रिक पास झाले. आणि परतीच्या वाटेवर ते रस्त्याच्या अगदी मधून चालत असताना मागून एक मोटार भोंगा वाजवून वाजवून घसा बसेपर्यंत आली. शेवटी ड्रायव्हरच खाली उतरला आणि त्याने मामांना दोन्ही खांदे धरून कडेला ठेवलं. मामांनी त्याची विचारपूस केली.

तेव्हा हैदराबाद करावंच लागलं. जालन्यापर्यंत मोटार, पुढे रेल्वे. डब्यात मामा खिडकीशी बसले आणि गाडीच्या आवाजाने जिथे आम्ही चांगल्या कानाचे सगळे बहिरे झालो होतो, तिथे तेच एकटे सुखात होते. उलट मला म्हणाले, "बगा, कुनालाच कुनाचं ऐकू येईना. अन् नाव माझं." हैदराबादचे डॉक्टर मोठे सज्जन, पण हकीमसाहेबांपेक्षा पक्के. त्यांनी मामांना सरळ भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि मला बाहेर काढलं. मी दाराच्या फटीतून बघत होतो. डॉक्टर पाठीमागून कुजबुजले, बोलले, टाळी वाजवली. मामा भिंतीकडे बघत बसले होते. भिंतीच्या तोंडावरून त्यांना काहीच कळेना. आमच्या सगळ्या ओळखीत मी त्यांना प्रथमच घाबरलेलं पाहिलं. त्यांनी हळूच मान वळवली आणि दाराकडे, म्हणजे माझ्याकडे, बघितलं. डॉक्टरांनी हलकेच ती मान पुन्हा भिंतीकडे केली.

मग त्यांनी एक पोलादी चिमटा काढला, दोन काट्यांचा, टेबलावर ठोकला आणि त्याचं टोक मामांच्या कपाळावर टेकवलं. मामा एकदम ताठ झाले. "आलं!" ते म्हणाले. "हे आलं! कपाळानं ऐकू आलं!" डॉक्टर हसले. मला आत बोलावून त्यांनी सांगितलं, की आतली नस अजून जिवंत आहे, पण वाट बुजली आहे; औषध नाही, आवाज गोळा करून आत सोडणारं यंत्र मात्र उपयोगी पडेल. मी हे मामांना ओरडून सांगितलं. बाहेर बसलेल्या सगळ्या रोग्यांनाही ते कळलं आणि त्यांनी मामांचं अभिनंदन केलं.

यंत्राचं दुकान बाजारात होतं, विलायती मालाचं. दुकानदार इतका अदबशीर की आम्हाला स्वतःच्या धोतराची लाज वाटावी. त्याने मखमलीवर एकेक वस्तू मांडली: काळ्या रबराची लांब नळी, एका टोकाला नरसाळं, दुसरं टोक कानात घालायचं; दुमडून खिशात मावणारा शिंगासारखा कर्णा; बायकांसाठी पंख्याच्या आकाराचं एक, दातात धरायचं; एक मोठा पितळी कर्णा, सणईच्या तोंडासारखा पसरट; आणि शेवटी, काचेच्या कपाटातून काढलेला, बॅटरीवर चालणारा एक डबा.

मामांनी सगळं बघितलं, जसा बाजारात बैल बघतात तसं. प्रत्येकाला टिचकी मारली, वजन घेतलं, तोंड उघडून बघितलं, उलटं करून मागून बघितलं. "ह्ये किती वर्साचं हाय?" असं त्यांनी कर्ण्याबद्दल विचारलं. मग त्यांनी उपरणं हातावर टाकलं आणि तो झाकलेला हात दुकानदारापुढे केला. आमच्याकडे जनावराचा सौदा असा उपरण्याखाली बोटं दाबून होतो. भाव तोंडाने बोलायचा नसतो. दुकानदाराला ही रीत ठाऊक नव्हती. त्याला वाटलं, पाहुण्याच्या हाताला काही दुखापत आहे. त्याने फार हळुवारपणे उपरणं वर करून हात तपासला, "अल्ला शफा दे" म्हणाला आणि पुन्हा झाकून ठेवला. मामा मला म्हणाले, "माणूस पक्का हाय. भाव कमी करत न्हाई."

आता ऐकून बघायची वेळ आली. मामांनी रबरी नळी कानाला लावली आणि नरसाळं माझ्यापुढे धरलं. "बोला कायतरी." माणसाला "बोला" म्हटलं की बोलता येत नाही हे मला त्या दिवशी कळलं. सगळे माझ्याकडे बघताहेत, मामांचे डोळे आशेने मोठे झालेले, आणि माझ्या तोंडून निघालं ते कचेरीत रोज उतरवून घेतलेलं: "बखिदमत जनाब तालुकदारसाहेब, बाद आदाब के अर्ज है..." मामांच्या चेहऱ्यावर नळीभर प्रकाश पडला. कित्येक वर्षांनी त्यांना माणसाचा आवाज स्वच्छ ऐकू आला होता, आणि तो अर्ज होता. "कुनाचा अर्ज हाय?" त्यांनी विचारलं.

नळी त्यांनी नाकारली, कारण ती सापासारखी दिसते. दातातला पंखा नाकारला, कारण पान खाता येणार नाही. बॅटरीचा डबा लावला तर मामा उडालेच. बाहेरचा टांगा, दुकानदाराचं खोकणं, माझ्या वहाणेची करकर, सगळं एकदम आत शिरलं. "काढा, काढा! ह्याच्यात समदेच बोलतात. येका येकानं बोला म्हनायची सोय न्हाई." दुमडणारा छोटा कर्णा खरं तर उत्तम होता. दुकानदार म्हणाला, मीही म्हणालो; खिशात राहतो, कुणाला दिसत नाही. मामा म्हणाले, "दिसत न्हाई म्हून तर नको. लोकाला दिसाया पायजे का मी ऐकतोय." आणि त्यांनी तो मोठा पितळी कर्णा उचलला, ज्याच्या तोंडात पिकलेली पपई बसली असती. स्टेशनपर्यंत तो त्यांनी खांद्यावर घेतला. हमालांना वाटलं, बँडवाले आहेत. एकाने तारीख विचारली.

आखितीला अजून अवकाश होता, म्हणून मी बायकोला घेऊन मामांच्या गावीच राहिलो. कर्ण्याने पहिली उलथापालथ केली ती घरात. मामी इतकी वर्षं मामांशी खुणांनी बोलत. मीठ, पाणी, बैल, पाहुणे, एवढ्या सगळ्याला खुणा होत्या. घरातल्या गोष्टी ओरडून सांगितल्या तर त्या गावाच्या होतात, म्हणून मामींनी बोलणंच सोडून दिलं होतं. त्याऐवजी त्या भाकरी थापताना मामांना पाठमोऱ्या यथेच्छ बोलून घेत. मामा पलीकडे सुपारी कातरत बसलेले. पहिल्या दिवशी मामी अशाच बोलत असताना मामांनी मागून कर्णा लावला. मामींनी वळून बघितलं, तो पितळी जबडा त्यांच्या दिशेने वासलेला. हातातली भाकरी तव्याऐवजी चुलीत गेली आणि मामी पदर ओढून माजघरात. "कदीपासून ऐकताव?" आतून आवाज आला. मामा म्हणाले, "आत्ताच आलतो. पर चांगलं बोलतीस की. आवाज तसाच हाय तुझा."

त्यानंतर संध्याकाळी दिवेलागणीला दोघं ओसरीवर बसायला लागली. मामी कर्ण्याच्या तोंडाशी वाकून हळू आवाजात काहीतरी सांगत, मामा डोळे मिटून ऐकत. मध्येच मामा हसत. एकदा त्यांनी डोळे पुसलेले मी पाहिले. मी विचारलं, "मामा, काय सांगत्यात मामी?" "तुमाला काय करायचंय, जावईबापू?" असं म्हणून त्यांनी कर्णा माझ्या दिशेने वळवायचंही नाकारलं.

आखितीचा दिवस उजाडला. आण्णांनी तंटाही तयार ठेवला होता: दोन सख्ख्या भावांची एक विहीर, एकच मोट, पाळीपाळीने पाणी. थोरल्याचं म्हणणं, धाकटा आपल्या पाळीबाहेर पाणी काढतो आणि माझा ऊस वाळतोय. धाकटा म्हणे, शपथ. सगळा गाव जमला. मामा नवा फेटा बांधून कट्ट्यावर बसले, मांडीवर कर्णा. त्यांनी पहिल्यांदाच फिर्यादीला जवळ बोलावलं. थोरला आला आणि कर्ण्यात बोलला. मामांनी मान हलवली. मग धाकटा आला, कर्ण्याला तोंड लावलं आणि कुजबुजला. बराच वेळ कुजबुजला. मामा ऐकत होते, आणि सवयीने लोकांच्या तोंडांकडे बघत होते.

लोकांच्या तोंडांवर काही नव्हतं. कसं असणार? कुणाला काही ऐकूच येत नव्हतं. आडावरच्या बाया घागरी भरून चालू लागल्या. सुताराचा वाकस सुरू झाला. मामांचा चेहरा तसा व्हायला लागला जसा डॉक्टरांच्या भिंतीसमोर झाला होता. शब्दन् शब्द कानात पडत होता आणि त्यांना काहीच कळत नव्हतं. मागून थोरला ओरडला, "काय म्हनतोय त्यो? कानात सांगायचा ह्यो कुठला इन्साफ?" "मोठ्यानं सांग की बे!" "काय ठरतंय दोघात?" लोक उठून पुढे सरकले. आण्णांना आपल्या कानांचा भरवसा. ते कुजबुज पकडायला कट्ट्याच्या कडेवरून इतके वाकले, इतके वाकले, की खाली पडले ते थेट सुताराच्या भुशात. कुणीतरी हसलं, कुणीतरी कुणाचा गळा धरला. मामांची जागा जाते की काय असं मला वाटलं, आणि मी हैदराबादच्या दुकानदाराला, डॉक्टरला आणि स्वतःला मनातल्या मनात शिव्या दिल्या.

मामांनी कर्णा कानाचा काढला. हातात धरून एकदा पुढून बघितला, एकदा मागून, दुकानात बघितला होता तसा. मग तो उलटा केला. पसरट तोंड गावाकडे आणि बारीक टोक धाकट्याच्या तोंडासमोर. "आता बोल," ते हळूच म्हणाले. "मगाशी माझ्या कानात बोललास, त्येच बोल."

धाकट्याने टोक ओठांना लावलं. "मी," तो म्हणाला, आणि तो "मी" चावडीवरून निघून नदीला जाऊन आला. आडावरच्या बाया थांबल्या. भिंतीवरचं कबूतर उडालं. धाकटा स्वतःच्याच आवाजाने दचकला. समोर त्याची आई बसली होती, बायको बसली होती, ज्याच्या बांधावरून पाट जातो तो शेजारी बसला होता. शेजारी तंबाखूची पिशवी शोधायला लागला. मामांचा चेहरा खुलला. "बोल की," मामा म्हणाले. धाकट्याने पुन्हा तोंड नेलं, आईकडे बघितलं, आणि त्याच्या तोंडून कर्ण्यातून गावभर गेलं ते हे: "माझी बी मिरची वाळत हुती, माय!"

फैसला तिथेच झाला. मिरचीला संध्याकाळची थोडी मोट, बाकी पाळी ठरल्याप्रमाणे; आणि दोघा भावांनी एकमेकांच्या पाळीला स्वतः हजर राहायचं. भुसा झटकत आण्णा उठले. "पर दादा, तुमाला ऐकू आलं का?"

"मला कावून याया पायजे?" मामा म्हणाले. "कान आन म्हनलतास. हे बग, समदं गाव बसलंय. मोज."

हशाने कट्टा हलला. आण्णाही हसले, हसावंच लागलं. मग धाकट्याच्या आईनेच म्हटलं, की ही वस्तू आता चावडीलाच राहू द्या, म्हणजे कुणाला खोटं बोलायची छाती होणार नाही. लोकांनी "व्हय, व्हय" केलं. मामांनी बायांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या मामींकडे पाहिलं. मग स्वतःच्या हाताने तो कर्णा चावडीच्या खुंटीला अडकवला आणि मागे न बघता घराकडे चालू लागले. मामांची जागा राहिली; ते वारेपर्यंत त्यांचीच होती. आता मामा नाहीत, तंटे वकिलांकडे जातात, आणि कचेरीत मी इतकी माणसं बोलताना बघतो, पण ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघणारं कुणी बसलेलं दिसत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही बैलगाडीने बीडला निघालो. मी अगदी भरात होतो. धाकट्याचा "मी" मी वाटेत तीनदा करून दाखवला, गाडीवान हसून हसून कासरा विसरला. बायको मात्र हसली नाही. मी म्हटलं, "अगं, मामांची जागा राहिली! तू गप का?"

मागे सुटलेल्या रस्त्याकडे बघत ती म्हणाली, "मामी मामाला कर्ण्यात समदं पहिल्यापासून सांगत हुती. ओळीनं. कान गेले तवापासून जे जे सांगायचं ऱ्हायलं, ते. काल रातीला थोरल्या लेकीच्या लग्नापातुर आलती."

मी म्हटलं, "मग संध्याकाळी चावडीवरून आणायचा कर्णा. त्यात काय?"

"अन् गावाला काय सांगून मागायचा? बायकोसंगं बोलायचंय म्हून? मामा मागंल व्हय?"

मी म्हटलं, बरं, पुढच्या रजेत मी आणि मामा पुन्हा हैदराबादला जातो, दुसरा घेऊन येतो.

"तुमी नका जाऊ," ती म्हणाली. "तुमी अर्ज वाचून दाखवताव. मामीला पाठवा. ऐकायचं त्याला असलं तरी बोलायचं तिला हाय. तिला निवडू द्या."